पोटातलं जातं

दोस्तांनो, आज घरात सगळ्यांना एक कोडं घाला. ‘दहा पाय, चाल आडवी, तोंडात नाही, पोटात दाढी. ओळखा पाहू कोण?’

‘चाल आडवी’ म्हटल्याबरोबर ‘खेकडा!’ असं उत्तर येईल. त्यात काही विशेष नाही. पण मग विचारा, “पोटात दाढा कशा काय?” इथे मात्र भलेभले गप्प बसतील. कुणी म्हणेल, “दाढा काय पोटात असतात का? काहीतरीच तुझं!”

पण असतात. खेकड्याच्या पोटात खरोखरच दात असतात, आणि ते जात्यासारखे अन्न दळतात. शास्त्रज्ञ त्याला ‘गॅस्ट्रिक मिल’ म्हणतात, म्हणजे जठरातलं जातं. हे जातं बघायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या कुठल्याही नदीचा काठ त्याला पुरतो. चला तर, लातूरहून नांदेडला जाऊ या आणि वाटेत ते शोधू या. बरोबर माझी भाची आणि तिचा धाकटा भाऊ आहेत. ती सातवीत, तो चौथीत. दोघांच्याही तोंडाला कुलूप नाही, तेव्हा प्रवास बरा होईल!

डाळीच्या गावात

लातूरला आलात की गंजगोलाई बघितल्याशिवाय जाऊ नका. मधे गोल इमारत, आत जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंना फुटणारे सोळा रस्ते. कपडे, भांडी, सोनं-नाणं, मसाले, काय हवं ते इथे मिळतं. पण लातूरचं खरं नाव आहे ते तुरीच्या डाळीसाठी. इथल्या डाळमिलमधून निघालेली डाळ दूरदूरच्या गावांत शिजते.

डाळमिल आत जाऊन बघण्यासारखी असते. तूर आधी चाळून साफ करतात. तिला तेला-पाण्याचा हात लावून वाळवतात. मग ती खरखरीत रुळांमधून जाते. तिथे तिची सालं निघतात आणि दाणा फुटून दोन डाळिंब्या होतात. पुढे चाळण्या असतात. चुरी एकीकडे, सालं दुसरीकडे, चांगली डाळ तिसरीकडे. आणि जे दाणे नीट सोलले गेले नाहीत ते? ते पुन्हा रुळांकडे! दाण्याचं काम पूर्ण झाल्याशिवाय मिल त्याला सोडत नाही.

“म्हणजे नापास झाला की परत त्याच वर्गात,” धाकटा म्हणाला.

अगदी बरोबर. फोडणं, चाळणं आणि राहिलेलं परत पाठवणं ही तीन कामं लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहेत.

मांजरा कोरडी पडली तेव्हा

लातूरची नदी मांजरा. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. तिच्यावर केज तालुक्यात धनेगावला मोठं धरण आहे. लातूर शहर त्याच धरणाचं पाणी पितं.

२०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. धरण कोरडं पडलं. पाण्याच्या टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. शेवटी सुमारे ३४० किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा टाक्या घेऊन पहिली गाडी लातूरला पोचली. लोक तिला ‘जलदूत’ म्हणू लागले. घराघरांतली मुलं घागरी घेऊन रांगेत उभी होती. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या आईबाबांना किंवा ताई-दादांना ते दिवस चांगले आठवत असतील. विचारा त्यांना.

माणसांना रेल्वेने पाणी आलं, पण नदीतल्या खेकड्यांना कोण आणणार? त्यांची सोय त्यांनाच करावी लागते. आपल्याकडचा गोड्या पाण्यातला खेकडा काठाच्या मातीत तिरकं, खोल बीळ करतो. पाणी खाली गेलं की तोही खाली जातो, ओलाव्याच्या मागे मागे. उन्हाळा फारच वाढला तर बिळाचं तोंड चिखलाने बंद करून आत पडून राहतो. खेकड्याला कल्ले असतात, पण ते ओले राहिले तर हवेतला प्राणवायूही त्याला चालतो. म्हणून बिळात थोडी ओल असली तरी त्याचं भागतं. या दिवसांत तो अगदीच कमी हालतो, खाणंही जवळपास बंद. पोटातलं जातं स्वस्थ पडलेलं असतं.

आपल्याकडच्या एका मोठ्या खेकड्याचं शास्त्रीय नाव आहे बॅरिटेल्फुसा कुनिक्युलॅरिस. त्यातल्या ‘कुनिक्युलॅरिस’ला बिळं करणारा असाच अर्थ आहे. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ओळखलं होतं.

मृगाचा पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की ही मंडळी बाहेर येतात. भूक तर सपाटून लागलेली असते. मग जातं जे सुरू होतं!

नांदेडच्या वाटेवर

लातूरहून नांदेड १४० किलोमीटरच्या आसपास. एस.टी.ने निघालं की चाकूर, अहमदपूर, मग माळेगाव, लोहा अशी गावं लागतात. माळेगाव म्हणजे खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्षात इथे मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री यांचा एवढा मोठा बाजार क्वचितच बघायला मिळेल. आम्ही गेलो तेव्हा जुलै होता. माळ रिकामा होता आणि त्यावर पोपटी गवत उगवलं होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन. हिची आई कोण माहीत आहे? काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्या पाषाणाची झीज होऊन ही काळी माती झाली. आणि याच पाषाणातून पाथरवटांनी घराघरांतली जाती घडवली. ज्वारी पिकली ती या दगडाच्या मातीत आणि दळली गेली तीही याच दगडाच्या जात्यात!

धाकट्याने जातं फक्त संग्रहालयात पाहिलेलं. त्याच्यासाठी थोडी उजळणी केली. खालची तळी जागच्या जागी, वरची पाळी खुंट्याने फिरवायची, मधल्या तोंडातून मूठमूठ दाणे टाकायचे, कडेने पीठ बाहेर. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की दळण भरभर होत नाही. मग टाकी लावणारा बोलवायचा. तो छिन्नी-हातोडीने दगडाला पुन्हा बारीक खाचा पाडून देई. ‘जात्याला टाकीऽऽ’ अशी आरोळी पूर्वी गल्लीगल्लीत ऐकू यायची. ही टाकीसुद्धा लक्षात ठेवा.

विष्णुपुरीचे आजोबा

नांदेड आठ-दहा किलोमीटर राहिलं की विष्णुपुरी येतं. उजव्या-डाव्या हाताला विद्यापीठाच्या इमारती दिसतात. हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, स्थापना १७ सप्टेंबर १९९४. तारीख ओळखीची वाटली ना? बरोबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

इथे गोदावरीवर मोठा बंधारा आहे आणि मागे शंकरसागर जलाशय पसरलेला आहे. काठावर काळेश्वराचं देऊळ. पावसाळ्यात पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं आणि पार पलीकडच्या काठापर्यंत भरलेलं. देवळापासून थोडं पुढे एक आजोबा जाळ्याची फाटलेली जागा विणत बसले होते. शेजारी तीन दगडांची चूल, चुलीवर जर्मनचं पातेलं आणि पातेल्यात उकडून लाल झालेले चार खेकडे.

“आजोबा, खेकड्याच्या पोटात दात असतात का हो?” भाचीने सरळ विचारूनच टाकलं.

आजोबा हसले. “असतेत की. बस हितं, दावतो.”

त्यांनी एक खेकडा निवू दिला. मग पाठीवरची ढाल अंगठ्याने अलगद उचलली. पुढच्या बाजूला, डोळ्यांच्या थोडं मागे एक पातळ, काचेसारखी पिशवी होती, बोराएवढी.

“ही आमी टाकून देतो,” आजोबा म्हणाले. “रश्श्यात गेली की दाताखाली कचकच लागती. आता बघ, ती कचकच कशाची.”

पिशवी उलटी केली. आत तपकिरी रंगाचे, टणक, चमकदार असे तीन बारके तुकडे होते. भिंगातून पाहिलं आणि धाकटा ओरडला, “अरे, ह्या तर खरंच दाढा!”

“तोंडात न्हाईत, म्हणून देवानं पोटात दिल्यात,” आजोबा म्हणाले आणि पुन्हा जाळं विणायला लागले.

जातं फिरतं कसं?

आता हे जातं नीट समजून घेऊ.

खेकडा आपल्यासारखा घास चावत बसत नाही. नांग्यांनी तो खाण्याचे तुकडे करतो आणि तोंडाशी नेतो. तोंडाला वर-खाली उघडणारा जबडा नसतो. दाराच्या फळ्यांसारखे अवयव डावी-उजवीकडे उघडतात. एकामागे एक अशा त्यांच्या सहा जोड्या. त्या खाणं धरतात, फाडतात, ओढतात आणि आत ढकलतात. दळायचं काम त्यांचं नाही. पुढे आखूडशी अन्ननलिका आणि लगेच जठर.

जठराचे दोन भाग. पुढचा मोठा, तिथे जातं. मागचा लहान, तिथे चाळणी. जात्याला दात तीन. एक वरून, मधोमध लोंबणारा. दोन बाजूंचे, एकमेकांसमोर. बाजूच्या दातांवर फणीसारख्या कडा असतात.

कसे चालतात हे दात? करून बघा. दोन्ही हातांच्या मुठी वळा आणि बोटांची पेरं समोरासमोर येतील अशा गळ्याखाली धरा. आता मुठी एकमेकींजवळ आणा आणि त्याच वेळी हनुवटी त्यांच्यामधे दाबा. मग सगळं सोडा. पुन्हा आणा, पुन्हा दाबा. मुठी म्हणजे बाजूचे दात आणि हनुवटी म्हणजे वरचा दात. मधे जे सापडेल त्याचा चुरा! एस.टी.त आम्ही तिघांनी हा प्रयोग केला तेव्हा समोरच्या बाकावरच्या आजी आमच्याकडे काळजीने बघत होत्या.

हे दात हाडाचे नसतात. खेकड्याला हाडंच नाहीत. त्याचं कवच ज्या कायटिनचं बनलेलं असतं, त्याच कायटिनचं अस्तर जठराला आतून असतं. ते जागोजागी जाड होऊन, चुन्याने टणक होऊन त्याच्या पट्ट्या आणि दात झालेले असतात. त्यांना ओढणारे स्नायू जठराच्या बाहेरून, पाठीच्या कवचाला बांधलेले असतात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या समजा.

दळताना आत पाचक रसही मिसळतो. उकडलेल्या खेकड्यात जो पिवळसर मऊ गर असतो ना, त्या ग्रंथीतून हा रस जठरात येतो. दळलेलं मग मागच्या भागात जातं. तिथे बारीक केसांच्या दाट गाळण्या असतात. अगदी बारीक, पातळ झालेलं तेवढंच त्या ग्रंथीकडे जातं. तिथे त्याचं पचन पुरं होतं आणि ते शोषलं जातं. भरड राहिलेलं पुन्हा जात्याकडे येतं, आणि ज्याचं काही होणारच नाही असा गाळ आतड्यातून बाहेर.

फोडणं, चाळणं, राहिलेलं परत पाठवणं! लातूरची सगळी डाळमिल या बोराएवढ्या पिशवीत बसलेली आहे.

“पण पोटातच कशाला? तोंडात दात असते तर काय बिघडलं असतं?” भाचीने विचारलं.

प्रश्न चांगला आहे. विचार करा, खेकडा ओढ्याच्या काठावर खात बसला आहे. वर बगळा टपलेला, बाजूला मुंगूस. चावत बसायला वेळ कुठला? भराभर तुकडे पोटात ढकलायचे आणि बिळात पसार व्हायचं. दळण मग बिळात, निवांत. शिवाय त्याला खायला काय मिळतं? कुजलेली पानं, शेवाळ, गोगलगाई, किडे, मेलेले मासे. यातलं बरंचसं चिवट. ते बारीक दळल्याशिवाय पचायचं नाही.

कोंबडीची युक्तीही अशीच आहे. तिलाही दात नाहीत. ती बारीक खडे गिळते आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत त्या खड्यांनी दाणे भरडते. कोंबडीला जातं बाहेरून आणावं लागतं आणि खेकड्याचं अंगचंच असतं, एवढाच फरक.

दर वेळी नवी टाकी

जातं झिजतं, मग खेकड्याचे दात झिजत नाहीत का? झिजतात. पण त्याला टाकी लावणारा बोलवावा लागत नाही.

खेकड्याचं कवच वाढत नाही. आतला जीव वाढला की जुनं कवच अपुरं पडतं. मग साप टाकतो तशी खेकडाही कात टाकतो. जठराचं अस्तर हे कवचाचाच आत गेलेला भाग असल्यामुळे तेही सुटून येतं, दातांसकट! खाली नवं अस्तर आणि नवे कोरे दात तयार असतात. आपल्याला दुधाचे दात पडल्यावर एकदाच नवे मिळतात. खेकड्याला प्रत्येक कातीबरोबर सगळाच्या सगळा संच बदलून मिळतो.

हे फुकट मात्र मिळत नाही. कात टाकल्यावर नवं कवच आणि नवे दात काही काळ मऊ असतात. त्या वेळात त्याला खाता येत नाही, लढता येत नाही, फक्त लपून राहता येतं. कधीकधी जुन्या कातीतून बाहेर पडतानाच खेकडा मरतो. नव्या दातांची किंमत तो अशी मोजतो.

आणि कात केव्हा टाकायची याचं घड्याळ कुठे असतं? डोळ्यांच्या देठांत! तिथे एक संप्रेरक तयार होतं. ते असेपर्यंत कात टाकणं थांबून राहतं, ते कमी झालं की तयारी सुरू होते. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा संप्रेरकांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. आपल्या ओढ्या-नाल्यांतले खेकडे त्यांच्या प्रयोगशाळेत होते.

नागपूरचे पटवर्धन

पण जात्याची गोष्ट याहून जुनी आहे आणि तीही आपल्याच महाराष्ट्रातली.

१९३४ साली सर सी. व्ही. रामन यांनी बंगळूरला भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिचं नियतकालिक निघू लागलं. त्याच्या पहिल्या-दुसऱ्या खंडांत नागपूरच्या एस. एस. पटवर्धन या प्राणिशास्त्रज्ञांची एक लेखमाला आली, सहा भागांची. विषय? दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांच्या पोटातलं जातं, त्याची रचना आणि ते चालतं कसं! पहिला भाग कोणत्या प्राण्यावर होता ठाऊक आहे? विलायती समुद्रातल्या नव्हे, तर आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यावर. तेव्हा त्याला पॅराटेल्फुसा गेरिनी म्हणत, आता बॅरिटेल्फुसा गेरिनी म्हणतात. दख्खनच्या नद्या-नाल्यांतला हा आपला शेजारीच.

पटवर्धन एका खेकड्यावर थांबले नाहीत. समुद्रातले खेकडे, शेवंडे, झिंगे अशा कितीतरी प्राण्यांची जठरं त्यांनी उघडून पाहिली, एकाशेजारी एक ठेवून तुलना केली. आणि त्यांच्या लक्षात एक मजेदार गोष्ट आली. ज्याचे तोंडातले जबडे दळायला चांगले, त्याचं पोटातलं जातं साधं किंवा नाहीसंच. ज्याचे जबडे साधे, त्याचं पोटातलं जातं भारी. एका घरात दोन जाती कशाला?

याचा पुरावा नांदेडच्या बाजारातसुद्धा मिळतो. मासळीवाल्यांकडे गोड्या पाण्यातले झिंगे येतात. झिंगा खेकड्याचा भाऊबंद, दोघांचेही पाय दहा. पण नदीतल्या झिंग्याच्या पोटात खेकड्यासारखे तीन दात नसतात. त्याच्या जबड्यावरच दाढेसारखा खडबडीत भाग असतो. तो तोंडातच दळून घेतो. पोटात उरते ती बहुतेक ढवळण्याची आणि गाळण्याची सोय. याच नदीतल्या झिंग्यावर पटवर्धनांनी लिहिलेलं पुस्तक १९३७ साली लखनौहून निघालं आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्यांनी ते वापरलं.

एका माणसाने बोराएवढ्या पिशव्यांत डोकं घालून एवढी वर्षं घालवली! घरी कुणी विचारलंही असेल, “याचा उपयोग काय?” उपयोग पुढे कळला. तोही ऐका.

तीस जणांचं भजनी मंडळ

जातं ओढायला हात लागतो. खेकड्याच्या पोटातलं जातं कोण ओढतं? स्नायू. आणि स्नायूंना हुकूम कोण देतं? जठराच्या वर, एका रक्तवाहिनीत बसलेली चेतापेशींची एक इवलीशी गाठ. तिच्यात पेशी किती? तीसच्या आसपास! माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. इथे फक्त तीस.

पण या तिसांचा ताल पक्का. समुद्रातल्या खेकड्यांवर आणि शेवंड्यांवर प्रयोग करताना शास्त्रज्ञांना दिसलं की मागच्या चाळणीची हालचाल साधारण सेकंदाला एकदा होते आणि जात्याची पाच-दहा सेकंदांनी एकदा. गाठ शरीराबाहेर काढून खाऱ्या पाण्याच्या बशीत ठेवली, तरी ती ताल देतच राहते. एखाद्या भजनी मंडळाला देवळाबाहेर बसवावं आणि टाळ-मृदंग तसाच चालू राहावा, तसं! आणि वेगवेगळी रसायनं मिळाली की तेच तीस जण वेगळा ठेका धरतात. मंडळी तीच, कधी अभंग, कधी गवळण.

८,६०० कोटी पेशींचा हिशोब कोण लावणार? पण तिसांचा लावता येतो. म्हणून मेंदू ताल कसा धरतो हे शिकायला शास्त्रज्ञ खेकड्याच्या पोटाकडे वळले. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातल्या ईव्ह मार्डर यांनी आपलं आयुष्य या गाठीच्या अभ्यासात घालवलं. २०१६ साली त्यांना आणखी दोघांबरोबर काव्हली पुरस्कार मिळाला. मेंदूविज्ञानातला तो फार मोठा मान आहे.

आणखी एक गंमत. अमेरिकेच्या किनाऱ्यावर वाळूत बिळं करणारा एक भुत्या खेकडा आहे. त्याचे भाऊबंद आपल्या कोकणातल्या वाळूतही पळताना दिसतात. या खेकड्याला कुणी छेडलं तर तो नांग्या उगारतो आणि गुरगुरतो. नांग्या लढायला मोकळ्या, मग आवाज कुठून येतो? २०१९ साली शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी आत पाहिलं, तर पोटातले दात एकमेकांवर घासले जात होते. जात्याचीच घरघर! आपल्याकडे जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. या खेकड्याला त्याच जात्यावर धमकी सुचते.

नदीचं जातं

विष्णुपुरीहून निघताना आजोबांना विचारलं, खेकडे पूर्वीइतके मिळतात का. त्यांनी मान हलवली. “काठ राहिला तर खेकडा राहील,” एवढंच म्हणाले.

त्यामागचं कारण तुम्हाला सांगायला हवं. झिंग्याची पिल्लं पाण्याबरोबर वाहतात. गोदावरीतल्या मोठ्या झिंग्याच्या पिल्लांना तर वाढायला खाडीचं मचूळ पाणी लागतं. पुढे पोचमपाडसारखी धरणं आडवी आली की त्यांची वाट अडते. आपल्या खेकड्याचं तसं नाही. तो समुद्राकडे जातच नाही. मादी अंडी पोटाखालच्या घडीत धरते, त्यातून थेट इवलेसे खेकडेच बाहेर येतात आणि तेही काही दिवस आईच्या पोटाशीच राहतात. म्हणजे खेकडा आपला ओढा सहसा सोडत नाही. यामुळे त्याला धरणाची भीती कमी. पण धोका दुसरा आहे. एखाद्या ओढ्याची वाळू उपसली, काठ यंत्राने खरवडला, शेतातलं विष पाण्यात उतरलं आणि तिथले खेकडे संपले, तर दुसरीकडून भरभर नवे येत नाहीत. तो ओढा बराच काळ बिनखेकड्याचा राहतो.

राहिला तर राहिला, आपलं काय जातं? आपलं बरंच जातं. ओढ्यात पडलेली पानं आणि मेलेले जीव हा खेकडा खातो, दळतो आणि त्याचं बारीक खत करून पाण्यात सोडतो. त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे, माशांवर बगळे आणि माणसं. म्हणजे जे जातं खेकड्याच्या पोटात आहे, ते खरं तर नदीचंच जातं आहे.

नांदेडला पोचल्यावर गुरुद्वारा बघा. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला. लंगरमध्ये जेवा, संध्याकाळी नगीना घाटावर बसा. गोदावरी पुढे पूर्वेकडे जाते आणि नांदेड जिल्हा संपतो तिथे, तेलंगणातल्या कंदकुर्तीजवळ, तिला मांजरा येऊन मिळते. लातूरचं पाणी आणि नांदेडचं पाणी तिथे एक होतं.

आणि तुमच्या गावच्या ओढ्यावर जाल तेव्हा मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. बिळात हात घालू नका, आत खेकडाच असेल असं नाही, सापही असतो. पोटातलं जातं बघायला जिवंत खेकडा मारायचीही गरज नाही. काठावर दगडांच्या सांदीत कधीतरी खेकड्याची टाकलेली कात सापडते, हलकी, पोकळ, पायांच्या टोकांपर्यंत पुरी. ती घरी आणा, सावलीत वाळवा आणि डोळ्यांच्या मागे भिंगातून हळूच बघा. नशिबात असेल तर तीन तपकिरी दात दिसतील. ते वापरून झालेले, टाकून दिलेले. त्यांच्या मालकाने एव्हाना नवे लावून दळायला सुरुवातही केली असेल!